ओम्नीची पेट्रोल टाकी उतरवण्याआधी

जुन्या मारुती ओम्नी व्हॅनमधून पेट्रोलचा वास यायला लागला की लगेच टाकी उतरवायला घेऊ नका. आधी गळती नेमकी कुठली ते बघा. टाकी फुल केल्यावरच वास येत असेल तर टाकी बहुधा शाबूत असते. तोंडाकडून येणारा रबरी पाइप, त्याचे क्लिप किंवा फ्लोटखालचं (फ्लोट म्हणजे टाकीत पेट्रोल किती ते दाखवणारा तरंगता भाग) गॅस्केट गेलेलं असतं. चालती गाडी बंद पडते, झाकण उघडताच फुस्स करून हवा आत जाते आणि मग गाडी मुकाट सुरू होते, असं असेल तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. नवं झाकण घ्या, विषय संपला. सपाटीवर ठीक पण चोर्ला घाटात धाप लागते, तर फिल्टर काढून पांढऱ्या फडक्यावर उलटा करा. तपकिरी गाळ पडला तर टाकी आतून गंजतेय आणि ती उतरवावीच लागेल.

आपल्याकडे गंजाला निमित्त लागत नाही. बाहेरून टाकी सडते ती पट्ट्यांखाली आणि शिवणीवर, जिथे लाल माती अडकून ओली राहते. आतून सडते ती पाण्याने. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं आणि पेट्रोलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही ओल ओढून घेतं. गॅसकिटवर चालणाऱ्या गाड्यांचे हाल जास्त, कारण त्यांचं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असतं.

काम पाऊस लागण्याआधी काढा, आणि पडवीत नको, उघड्या अंगणात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत दारातून आत जाते. म्हणून देवापुढची समई, चूल, विहिरीच्या पंपाचा स्विच हे सगळं आधी मनात धरा आणि घरातल्यांना स्पष्ट सांगून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढायची. पावडरवाला फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवा, त्याची मुदत आजच बघून घ्या. पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीवर उपयोगाची नाही, वाळूची ठेवा.

गाडी उचलून फक्त जॅकवर ठेवू नका. अंगणात पडलेले जांभ्या दगडाचे चिरेही लावू नका. चिरा एकाएकी फुटतो, आणि खाली तुम्ही असता. स्टँड मागून आणा. टाकीत पेट्रोल कमीत कमी असू द्या: ३६ लिटरची टाकी अर्धी भरलेली असली तरी आत १३ किलो पेट्रोल असतं, आणि ते हलतं. उरलेलं हातपंपाने काढा, तोंडाने ओढून नव्हे. पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवूनच भरा. गढूळ पेट्रोल जमिनीवर ओतायचं नाही. चिऱ्याच्या जमिनीतून ते झिरपत विहिरीपर्यंत पोचू शकतं. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

नटबोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. इंधनाचा नवा पाइप, क्लिप, फ्लोटचं गॅस्केट, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि दोन फिल्टर आधीच आणून ठेवा. जुना पाइप वाकवून बघितलात की भेगा दिसतीलच. फ्लोटच्या वायरचा कनेक्शन काढण्याआधी फोटो काढा.

आता सर्वांत कळकळीचं. भोक वेल्डिंगने बुजवायचं असेल तर ते घरी अजिबात नको, आणि "रिकामीच आहे" म्हणणाऱ्या कुणाकडेही नको. रिकामी टाकीच फुटते, कारण आत वाफ उरते. गरम पाण्याने वारंवार धुऊन, पाणी भरून काम करणारा जाणता रेडिएटरवालाच शोधा. गळतीवर साबण किंवा एमसील लावणं हे गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं. तळ जागोजागी पातळ झाला असेल तर नवी टाकी घ्या. चाळणीला ठिगळं लावून पैसे वाचत नाहीत.

गंज थोडा असेल तर लिंबूसत्वाचं पाणी रात्रभर भरून ठेवा, मग खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन लगेच कडक उन्हात वाळवा. ओली राहिली तर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल.

बसवल्यावर पाचच लिटर घाला आणि रात्री खाली कोरा पुठ्ठा सरकवा. सकाळी पुठ्ठा कोरडा दिसला तर मगच टाकी फुल करा, आणि वरच्या गॅस्केटपाशी पुन्हा एकदा हुंगून बघा. दुसरा फिल्टर गाडीतच राहू द्या. सुटलेला गाळ पहिला फिल्टर लवकरच भरून टाकतो.