छताला ओल? भांडणाआधी रंग टाका

खालच्या घराच्या छताला ओल दिसली की पहिला संशय वरच्यांच्या बाथरूमवर. आधी गळती कधी होते ते आठवडाभर लिहून ठेवा. फक्त पावसात? मग बाहेरची भिंत किंवा गच्ची. चोवीस तास थेंब? बहुधा पाण्याची लाइन. आंघोळीनंतरच? फरशीचे सांधे नाहीतर नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचं निचऱ्याचं भांडं). वरच्यांना विनंती करून ट्रॅप तात्पुरता बुजवा, बाथरूमच्या फरशीवर रंगीत पाणी दिवसभर साठवा. खाली रंग उतरला तर वाद मिटला. (होळीचा रंग नको, फरशी कायमची रंगते!) महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) पावसाच्या आणि बाहेरच्या सामायिक पाइपच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, संडास-सिंकच्या अंतर्गत गळतीची संबंधित सदनिकाधारकाच्या. सेक्रेटरींना तारखेसह फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या.