जुन्या मॉडेल रेल्वेचा देखावा नव्याने कसा उभा करावा

लेआउटवर, म्हणजे रूळ, घरं आणि डोंगर मांडलेल्या मॉडेल रेल्वेच्या पाटावर, गाड्या अजून सुरळीत धावतात, सिग्नल लागतात, पण डोंगर करडे पडलेत. गवताचा रंग उडालाय, बोगद्याच्या तोंडाशी प्लास्टरला तडा गेलाय, झाडांच्या फांद्या हात लावताच गळतात. असा लेआउट समोर असला की पहिला विचार येतो तो सगळं उखडून नव्याने करण्याचा. माझा आग्रह आहे की तो विचार निदान महिनाभर बाजूला ठेवा. जुन्या देखाव्याचा बराचसा भाग खराब झालेला नसतो, धुळीखाली आणि चुकीच्या उजेडाखाली दबलेला असतो. तो आधी मोकळा करावा, मग मोडलं असेल तेवढंच दुरुस्त करावं, आणि नवं काम जुन्याशी कुठे जोडायचं हे फार विचारपूर्वक ठरवावं. सगळ्यात अवघड भाग हा शेवटचाच, म्हणून त्यावर पुढे जरा सविस्तर लिहिलं आहे.

आधी फक्त बघा

पहिल्या दिवशी कसलंही हत्यार हातात घेऊ नका. मोबाइलचा कॅमेरा रुळांच्या उंचीवर धरून सगळ्या लेआउटचे फोटो काढा. रोज बघून डोळ्यांना सवय झालेली असते, फोटोला ती नसते. वाकडा खांब, अधांतरी तरंगणारं घर, दोन डोंगरांमधली उघडी फट हे सगळं फोटोत लगेच दिसतं. फोटो बघत तीन याद्या करा: नुसतं मळलेलं काय, रंग गेलेलं काय आणि खरोखर मोडलेलं काय. पहिली यादी जवळजवळ नेहमीच सगळ्यात लांब निघते.

त्याच बैठकीत ऋतू ठरवून टाका. वर्षानुवर्षं थोडं थोडं काम होत गेलेल्या लेआउटवर एका कोपऱ्यात कोवळी हिरवळ आणि शेजारीच पानगळीची तांबूस झाडं असं बरेचदा होऊन बसतं. पुढे घ्याल ते सगळं साहित्य एकाच ऋतूचं घ्या.

एक गोष्ट गांभीर्याने सांगायची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात देखाव्याच्या प्लास्टरमध्ये श्वासातून आत गेल्यास घातक असलेल्या ॲस्बेस्टॉस या खनिजाची पूड किंवा तंतू मिसळण्याची पद्धत होती. लेआउट 1980 च्या आधीचा असेल आणि फुटलेल्या कडेला तंतू दिसत असतील, तर ते प्लास्टर कोरडं घासू नका, तोडू नका, व्हॅक्यूमही करू नका. आधी नमुन्याची तपासणी करून घ्या. काही जुन्या रंगांत शिसं असतं, त्यामुळे ते कोरडे घासणंही टाळा.

मोकळं करणं आणि झाकणं

वीजपुरवठा बंद करा. इंजिनं आणि डबे खोक्यात जाऊ द्या. इमारती निघत असतील तर काढण्याआधी त्यांच्या पायाभोवती पेन्सिलीने रेघ ओढा आणि वायरींचा फोटो घ्या. रुळांवर मास्किंग टेप लावा. पॉइंटवर, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या सांध्यावर, टेपखाली कागदाची पट्टी ठेवा, म्हणजे टेपचा चिकटा हलत्या पात्यांना लागणार नाही.

धूळ

वरून खाली आणि मागून पुढे या, नाहीतर झाडलेली धूळ झाडलेल्याच भागावर बसते. एका हातात मऊ, रुंद, कोरडा ब्रश घ्या आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी. नळीच्या तोंडावर नायलॉनचा पातळ मोजा ताणून रबराने बांधा. ब्रशने धूळ उठवायची आणि तीन-चार सेंटीमीटर वर धरलेल्या नळीने ती हवेतच ओढून घ्यायची. नळी देखाव्याला टेकवू नका. मधूनमधून मोज्यावर काय अडकलंय ते बघा. कुंपणाचे खांब, फलाटावरची माणसं, एखादं सायकलचं चाक असं बरंच काही तिथे सापडतं आणि परत जागेवर लावता येतं.

या कामात मला सगळ्यात जास्त आनंद मिळतो तो कडे-कपाऱ्यांवर. करड्या पडलेल्या खडकावरून ब्रश एकदा खालपर्यंत नेला की पट्टीएवढ्या जागेत मूळचा तपकिरी रंग, भेगेतली काळी सावली, कुणीतरी कधीकाळी हलकेच ओढलेली गंजाची रेघ वर येते. अशी एक पट्टी नीट बघितली की उखडून टाकायचा विचार आपोआप मागे पडतो.

जिथे कोरड्या ब्रशने भागत नाही तिथे पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब टाकून ओलसर ब्रश फिरवा. पण आधी मागच्या कोपऱ्यात करून बघा, कारण कोरड्या प्लास्टरमध्ये रंगाची पूड मिसळून भुरभुरवलेली जुनी जमीन ओली झाली की रंग सोडते. नदी-तळ्याचा पृष्ठभाग ओल्या कापसाने पुसा. तिथे अल्कोहोल वापरू नका, त्याने ॲक्रिलिकचा थर मऊ होऊन धुरकट होतो. झाडं उपटता येत असतील तर घराबाहेर नेऊन उलटी धरा आणि टिचकी मारा. झुडपांसाठी वापरलेलं लायकेन, म्हणजे दगडफुलासारखी वनस्पती, कडक होऊन चुरत असेल, तर कोमट पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून त्यात काही तास बुडवा आणि सावलीत निथळू द्या. पुष्कळदा ते पुन्हा लवचीक होतं.

उजेड आधी, रंग नंतर

जुन्या ट्यूबलाइटमधून थोडे अतिनील किरण बाहेर पडतात. वर्षानुवर्षं त्यांच्याखाली राहिलेल्या, गवत-पानं म्हणून वापरलेल्या भुशाचा आणि फोमचा हिरवा रंग उडण्यामागे ते एक कारण असतं. एलईडी दिव्यांत हा त्रास जवळजवळ नाही. म्हणून दिवे बदलायचे असतील तर ते आत्ता, रंग निवडण्याआधी बदला. 4000 ते 5000 केल्विनच्या दरम्यानचा आणि रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय 90 च्या वरचा दिवा घ्या. यापुढचा प्रत्येक रंग लेआउटवर, त्याच दिव्याखाली ठरवायचा. खिडकीपाशी जुळलेला हिरवा लेआउटवर वेगळाच दिसतो.

तडे आणि पोकळ्या

तडा बुजवण्याआधी तो का गेला हे बघा. हवेतल्या दमटपणाप्रमाणे लाकडी सांगाडा फुगतो आणि आकसतो, प्लास्टरला ते जमत नाही. तडा सरळ रेषेत असेल आणि खाली दोन फळ्यांचा जोड असेल, तर तो प्लास्टरने कितीदाही भरा, पुन्हा येणारच. तिथे वाळल्यावरही लवचीक राहणारं ॲक्रिलिक सीलंट भरा आणि वर रंग द्या. नुसता केसासारखा तडा असेल तर जाड रंगात थोडा पांढरा गोंद मिसळून ब्रशने भरला तरी पुरतं.

मोठ्या भगदाडाला प्लास्टरची पट्टी लावताना ती धडधाकट भागावर चहूबाजूंनी दोन-तीन सेंटीमीटर चढू द्या. आणि नवं प्लास्टर लावण्याआधी जुनं पाण्याने भिजवाच. कोरडं प्लास्टर नव्यातलं पाणी शोषून घेतं, नवा थर नीट घट्ट होत नाही आणि काही दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. पाण्यात मातीचा रंग घालून प्लास्टर कालवलं, तर पुढे कधी टवका उडाला तरी आतून पांढरं डोकावत नाही.

डोंगर बोटांनी हलकेच वाजवून बघा. 1960 च्या दशकात ‘मॉडेल रेलरोडर’ या अमेरिकी मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी रूढ केलेल्या हार्ड-शेल पद्धतीचे, म्हणजे कागदी टॉवेल प्लास्टरमध्ये बुडवून अंथरलेले डोंगर आतून पोकळ आणि पातळ असतात. त्यांच्यावर कोपर टेकवायचा नाही.

धुतलेले खडक कधीकधी सपाट वाटतात. अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक-दोन चमचे काळी इंडिया इंक मिसळून ती फवारली की भेगांत सावली उतरते. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग फक्त कडांवर घासा. अल्कोहोल चटकन पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या, वीज बंद आणि आसपास ज्योत नको.

नवं आणि जुनं जिथे भेटतं

गवताचा एक टवका उडालेला होता, तळहाताएवढा. मी तेवढीच जागा नव्या गवताने भरली. टवका गेला, पण त्या ताज्या हिरव्या चौकोनामुळे भोवतालची दोन फूट जमीन एकदम मेलेली दिसायला लागली. तीही भरली, तेव्हा पुढची दिसायला लागली. सावध राहिलं नाही तर सगळा लेआउट नव्याने करण्याची वेळ अशीच येते.

तेव्हापासून एक नियम पाळतो. ठिगळ कधीही मोकळ्या जमिनीत संपवायचं नाही. ते रस्त्यापर्यंत, कुंपणापर्यंत, ओढ्यापर्यंत, खडकाच्या पायथ्यापर्यंत किंवा रुळांच्या भरावापर्यंत न्यायचं. खऱ्या जमिनीवरही अशा रेषांच्या दोन्ही बाजूंना रंग वेगळा असतो. पायवाटेच्या अलीकडे चरलेलं गवत असतं आणि पलीकडे रान माजलेलं असतं. त्यामुळे तिथे झालेला बदल डोळ्याला खुपत नाही. जवळपास अशी रेषा नसेल तर ती तयार करा. पायवाट ओढा, एखादा चर खणा, झुडपांची रांग लावा.

रेषा आखूनही फरक उरला तर दोन्ही बाजूंना एक समान गोष्ट द्या. मी बारीक चाळलेली, पूर्ण वाळवलेली माती वापरतो आणि जुन्या-नव्या दोन्ही भागांवर चिमटीने विरळ भुरभुरवतो. शिवाय नव्यातल्या गवताचे दोन-चार झुपके मुद्दाम जुन्या भागात लावतो. एकच धागा दोन्हीकडे दिसला की नजर त्यांना एक जागा समजते.

गवतासाठी आता विजेच्या भाराने उभं राहणारं स्टॅटिक गवत सहज मिळतं. ते लावायच्या चाळणीसारख्या विजेच्या उपकरणाची एक तार ओल्या गोंदात किंवा त्याला लागून खोचलेल्या खिळ्याला लावायची आणि चाळणी हळूहळू हलवायची, म्हणजे नायलॉनचे तंतू ताठ उभे राहतात. लांबी निवडताना प्रमाणाचा हिशोब करा. 1:87 या एचओ प्रमाणात 2 मिलिमीटरचं गवत प्रत्यक्षात 17 सेंटीमीटर होतं, 6 मिलिमीटरचं 52 सेंटीमीटर, आणि 12 मिलिमीटरचं मीटरभराच्या वर जातं. 1:160 च्या एन प्रमाणात 2 मिलिमीटरचंच 32 सेंटीमीटर होतं. म्हणून एनवर आखूड गवत घ्या. एचओवर 2 आणि 4 मिलिमीटर मिसळून, दोन-तीन छटांमध्ये लावा. एकाच छटेचं, एकाच लांबीचं गवत गालिच्यासारखं दिसतं.

झाडांनाही हाच हिशोब लावा. 15 मीटरचं झाड एचओमध्ये 17 सेंटीमीटर उंच हवं. लेआउटवरची बहुतेक झाडं याच्या निम्मीही नसतात. ती टाकू नका, मागे भिंतीजवळ न्या, तिथे ती अंतराचा भास देतात. नवी, उंच झाडं पुढे लावा. मागच्या पडद्यावरचे डोंगर पुन्हा रंगवणार असाल तर रंगात थोडा निळा-करडा आणि पांढरा मिसळा.

रुळांखालची खडी

ती शक्यतो काढू नका. ब्रश, व्हॅक्यूम आणि रुळांच्या मधोमध गंजासारख्या तपकिरी रंगाचा पातळ हात एवढ्याने जुनी खडी उठून दिसते. काढावीच लागली आणि ती पांढऱ्या गोंदाने बसवलेली असली, तर साबणाचा थेंब घातलेलं कोमट पाणी ड्रॉपरने सोडा, अर्धा तास थांबा आणि बोथट पातीने उचला. स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर, जोर देऊ नका.

नवी खडी कोरडीच पसरा. मऊ ब्रशने स्लीपरचे माथे मोकळे करा. मग आयसोप्रोपिलचा हलका फवारा द्या. पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात घेऊन, त्यात साबणाचा एक थेंब टाकून ते मिश्रण ड्रॉपरने कडेकडेने सोडा. आधी फवारा दिला नाही तर गोंदाचा थेंब खडीवर मण्यासारखा बसतो आणि दाणे तरंगवतो.

पॉइंटच्या हलत्या पात्यांखाली आणि त्यांना ओढणाऱ्या दांडीपाशी खडी जवळजवळ नकोच, तिथे जमीन खडीच्या रंगाने रंगवून घ्या. एकदा रात्री काम संपवून मी तसाच झोपलो. गोंद खडीखालून ओघळत दांडीपर्यंत गेला होता आणि सकाळी पॉइंट दगडासारखा घट्ट होता. कोमट पाण्याने तो सुटला, पण अख्खा दिवस गेला. आता गोंद वाळेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी पॉइंट हाताने इकडून तिकडे हलवत राहतो.

गाडी सोडण्याआधी

सगळं किमान एक रात्र वाळू द्या. टेप काढा, आयसोप्रोपिल लावलेल्या कापडाने रूळ पुसा. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून नव्या माती-खडीवरून फिरवा. काही नैसर्गिक वाळूत लोखंडाचे कण असतात आणि ते थेट मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. मोजा बांधलेला व्हॅक्यूम रुळांलगत पुन्हा एकदा फिरवा, कारण सुटलेले गवताचे तंतू इंजिनाच्या आसाभोवती गुंडाळले जातात. मग तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा हाताने ढकलत पूर्ण मार्गावरून न्या. वळणावर त्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेर येतात, आणि नवं झुडूप किंवा बोगद्याच्या तोंडाची दुरुस्ती तिथेच आड येते. जिथे घासेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि प्लास्टर अजून ताजं असेल तोवर तेवढं तासून टाका.