आजोबांपासून सीताबर्डीच्या लढाईपर्यंत

आमची आजी सांगायची, आपला पूर्वज १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्याकडून इंग्रजांविरुद्ध लढला. मी नागपूरच्या महाल भागात वाढले, तेव्हा हे खरंच वाटायचं. पुरावा शोधायला बसले ती मात्र उशिरा, आजी गेल्यावर. तुम्ही तसं करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी आजच बोला. त्यांनी सांगितलेलं फोनवर रेकॉर्ड करा, माहेरची नावं आणि मूळ गाव आवर्जून विचारा.

सुरुवात राजापासून करू नका, स्वतःपासून करा. एकेक पिढी मागे जा, प्रत्येक पायरीला कागद हवा. शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर उतारा, जुना सातबारा, आणि आपल्या विदर्भात कोतवाल बुक: गावातले जन्म-मृत्यू त्यात बापाच्या नावासकट सापडतात. मला पणजोबांचं नाव तिथंच मिळालं. आजी सांगायची त्याहून वेगळं होतं! दोन्ही नावं लिहून ठेवली, एकही खोडलं नाही.

त्यामागचे कागद बहुधा जुन्या मोडी लिपीत. मोडी शिका, दोन-तीन महिने रोज सराव केला की अक्षर लागतं. काशी, गया, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या, म्हणजे तिथल्या पुरोहितांच्या, यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्याही बघा. तिथं गाव आणि आडनाव सांगावं लागतं.

भोसले आडनाव आहे म्हणून कुणी नागपूरकर राजांचा वंशज ठरत नाही. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर १८१७ म्हणजे साधारण आठ पिढ्या. माझ्या पाच जुळल्यात, सहावीचा कागद शोधतेय.