एकाच सुरावर घुमणारा बास: सबवूफरचा बॉक्स करताना या चुका टाळा

"आवाज भरपूर आहे हो, पण सगळी गाणी सारखीच वाजतात." सांगलीत गाडीला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बास) वाजवणारा स्पीकर, बसवलेल्यांकडून ही तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे. एक ठरावीक सूर आला की आरसा थरथरतो आणि त्याच्या खालचे सूर गायब होतात. दोष बहुतेक वेळा वूफरचा (बॉक्समधल्या स्पीकरचा) नसतो, अँपचाही (अँप्लिफायरचाही) नसतो. तो बॉक्सचा असतो. नवा बॉक्स ऐकताना मी तबल्याचं एकलवादन लावतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड खालून वर अखंड ऐकू आली पाहिजे. मधलाच एखादा सूर उसळून पुढे आला, तर बॉक्स सपाट, म्हणजे सगळे सूर सारख्या जोरानं, वाजत नाही.

बाहेरच्या मापानं लिटर काढणं

माझ्या पहिल्या बॉक्सला हीच चूक झाली. दहा इंची वूफर होता, पोर्टेड बॉक्स, म्हणजे हवा ये-जा करायला पाइप (पोर्ट) असलेला, करायचा होता. सुताराला माप दिलं ४० बाय ४० बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ४८ लिटर. तेवढ्या हवेसाठी ८ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर लांबीचा पोर्ट काढला. ट्यूनिंग, म्हणजे पोर्ट ज्या सुरावर सर्वात जोरात वाजतो तो सूर, ३५ हर्ट्झ येणार होतं.

पण एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) १८ मिलिमीटरचं. प्रत्येक मापातून ३.६ सेंटिमीटर गेले. आत उरलं ३६.४ बाय ३६.४ बाय २६.४, म्हणजे ३५ लिटर. त्यातले तीनेक लिटर वूफरचं मॅग्नेट, बास्केट आणि पोर्टचा पाइप यांनी खाल्ले. हाती राहिले ३२. तोच पोर्ट ३२ लिटरला लावला की ट्यूनिंग ४३ हर्ट्झवर जातं, आणि गाडीत नेमका तिथेच सूर घुमत होता. नवा बॉक्स करावा लागला नाही. पोर्ट ३३ सेंटिमीटरपर्यंत लांबवला की ट्यूनिंग परत ३५ वर येतं. मात्र पाइप सरळ ठेवला तर त्याचं आतलं तोंड मागच्या भिंतीला भिडतं, म्हणून एल्बो घालून वळवला. त्या तोंडासमोर निदान पाइपच्या व्यासाइतकी जागा मोकळी हवी.

आता मी आधी आतलं माप ठरवतो, त्यात वूफर आणि पोर्टची जागा मिळवतो आणि मगच सुताराकडे जातो.

गाडी हिशेबात न धरणं

बॉक्सचं गणित करणारं सॉफ्टवेअर जो आलेख दाखवतं तो मोकळ्या मैदानातला असतो. गाडी ही बंद खोली आहे. आतली लांबी अडीच मीटर धरली तर साधारण ६९ हर्ट्झच्या खाली गाडीच बास वाढवायला लागते. गणितानं ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाते. खऱ्या गाडीत काचा-पत्रे हलतात, फटी असतात, म्हणून कमी मिळते. सील बॉक्सचा (पोर्ट नसलेल्या, पूर्ण बंद बॉक्सचा) आवाज खाली उतरतानाही दर सप्तकाला १२ डेसिबलनंच उतरतो. एकाची उतरण, दुसऱ्याची चढण. म्हणून सपाट बास हवा असेल आणि गाडी हॅचबॅक असेल, तर माझा कौल सील बॉक्सला. पोर्टेड बॉक्स ट्यूनिंगच्या आसपास भरभरून वाजतो, त्यावर गाडीची वाढ चढते, आणि मग तोच ढुमढुम.

सील बॉक्ससाठी वूफरच्या कागदावरचे दोन आकडे बघा: क्यूटीएस (वूफर स्वतः किती घुमतो) आणि व्हीएएस (कोनच्या ताठपणाशी बरोबरी करणारी हवा, लिटरमध्ये). समजा क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ५० लिटर आहे. मग ५० लिटरच्या बॉक्सला क्यूटीसी (वूफर बॉक्समध्ये बसवल्यावर तोच घुमण्याचा आकडा) ०.७ येतो, तो सपाट. २५ लिटरला ०.८७, अजून चालण्यासारखा. डिकी वाचवायची म्हणून साडेबारा लिटरवर आलात तर १.१२ होतो आणि जवळजवळ २ डेसिबलचा उंचवटा येतो. थोडी जागा कमी पडत असेल तर उशीत भरतात तो रेक्रॉन आत सैलसर भरा; वूफरला बॉक्स किंचित मोठा भासतो. पोर्टेड बॉक्समध्ये मात्र तो पोर्टच्या तोंडाशी येऊ देऊ नका.

लाकूड बोलतंय

मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा नादावरून पारखतात, कारण तिथे त्यानं बोलायचं असतं. सबवूफरच्या बॉक्सनं मात्र गप्प राहायचं असतं. बोटाच्या पेरानं प्रत्येक बाजूवर टकटक करा. पोकळ आवाज आला तर समोरासमोरच्या फळ्यांना आतून आडवी पट्टी द्या. १२ मिलिमीटरच्या प्लायवर भागवू नका. एमडीएफच्या कापलेल्या कडांना सीलर मारा. पावसाळ्यात डिकीतली ओल कडेतूनच आत शिरते आणि सांधे फुगून सुटतात.

हवेची गळती शोधायला उदबत्ती पुरते. ३० हर्ट्झचा टोन हळू वाजवा आणि उदबत्ती सांध्यांजवळून फिरवा. धूर हलला तिथे फट. सिलिकॉन भरलं तर ते पूर्ण वाळेपर्यंत वूफर बसवू नका, त्याच्या वाफेनं कोनचा डिंक खराब होऊ शकतो.

बॉक्स बरोबर, तरी बास नाही

मग वायर बघा. दोन वूफर असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्हींचे कोन एकाच दिशेला हलतात का ते तपासा. उलटे हलले तर बास एकमेकांना खातो.

त्यानंतर मोजा. बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, काचा बंद, फोन ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी. आवाज मोजायच्या ॲपमध्ये ए ऐवजी सी वेटिंग (कोणता सूर किती धरायचा ती सेटिंग) निवडा, नाहीतर बास मुळातच कमी दिसतो. २५ ते १००, दर ५ हर्ट्झला एक टोन वाजवून आकडा वहीत लिहा. फोनचा माइक अगदी खालचे सूर कमी दाखवतो, तरी उंचवटे आणि खड्डे कळतात. मी हे रात्री, हरिपूर रस्त्याला गाडी बाजूला लावून करतो. दिवसा आवाजात आकडे स्थिर राहत नाहीत. ८० च्या आसपास खड्डा दिसला तर आधी अँपवरचा फेज स्विच (सबवूफरच्या कोनची हालचाल उलटी करणारा) उलटा करून तेवढाच भाग पुन्हा मोजा. बॉक्सला करवत लावायची वेळ त्यानंतर.