सगळे जॉब पास होत असले तरी प्रक्रिया सक्षम आहे का, हे कसे तपासावे

कुपवाड एमआयडीसीतील एखाद्या टर्निंग शॉपमध्ये २५ मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचे काम चालू आहे आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अधिक-उणे ०.०५ मिलिमीटर दिला आहे, असे धरू. सक्षम प्रक्रिया म्हणजे जिच्या मापांचा नेहमीचा पसारा या टॉलरन्समध्ये आरामात बसतो ती.

प्रथम मोजमाप विश्वासार्ह करावे. अशा कामाला ०.००१ मिलिमीटरपर्यंत वाचता येणारा मायक्रोमीटर घ्यावा आणि जॉब थंड होऊ द्यावा, कारण जॉब मायक्रोमीटरपेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर हा पोलादी व्यास सुमारे ०.००३ मिलिमीटर जास्त भरतो. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात याकडे विशेष लक्ष द्यावे.

त्यानंतर दर तासाला सलग पाच जॉब मोजून असे पंचवीस गट नोंदवावेत. प्रत्येक गटाची सरासरी आणि रेंज, म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान मापातील फरक, काढावा आणि ते बिंदू क्रमाने आलेखावर मांडावेत. या आलेखाला नियंत्रण आलेख म्हणतात. सर्व गटांची मिळून सरासरी २५.०२० आणि सरासरी रेंज ०.०२३३ आली, तर गटांच्या सरासरीच्या नियंत्रण मर्यादा, म्हणजे स्थिर प्रक्रियेत बिंदू ज्यांच्या आत राहतात त्या रेषा, पाचच्या गटासाठी ठरलेल्या ०.५७७ या गुणकाने सुमारे २५.००७ आणि २५.०३३ येतात. या मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या वागण्यातून निघतात. ड्रॉइंगच्या मर्यादांशी त्यांचा संबंध नाही, आणि त्या दोन्ही एकाच आलेखावर काढू नयेत.

वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये हा आलेख मांडला, तो नेहमीचा चढउतार आणि विशेष कारणाने आलेला बदल वेगळे ओळखण्यासाठी. माझ्या मते शॉप फ्लोअरवर सर्वाधिक नुकसान हा भेद न पाळल्याने होते. एक जॉब ०.०१ ने मोठा आला की ऑपरेटर लगेच तेवढा ऑफसेट देतो, म्हणजे टूलची जागा मशीनवर तेवढी सरकवतो, पुढचा लहान आला की पुन्हा उलट देतो. वास्तविक स्थिर प्रक्रियेत प्रत्येक जॉबनंतर अशी पूर्ण दुरुस्ती केल्यास मापांचा पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. याउलट इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टिकली, झिजल्यामुळे बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो आणि बिंदू सलग वर चढत राहतात, तेव्हा ऑफसेट देणे योग्यच आहे. म्हणून आलेख स्थिर दिसेपर्यंत क्षमतेचा आकडा काढू नये.

आलेख स्थिर असेल, तर सरासरी रेंज ०.०२३३ ला पाचच्या गटाच्या २.३२६ या गुणकाने भागून प्रमाण विचलन, म्हणजे मापांच्या पसाऱ्याचे माप, ०.०१० मिळते. एकूण टॉलरन्स ०.१० ला त्याच्या सहापटीने, म्हणजे ०.०६ ने भागल्यास सीपी, म्हणजे टॉलरन्स पसाऱ्याच्या किती पट आहे हे सांगणारा आकडा, १.६७ येतो. परंतु सरासरी वरच्या मर्यादेपासून केवळ ०.०३० दूर आहे. हे अंतर विचलनाच्या तिपटीने, म्हणजे ०.०३० ने भागले की सीपीके, म्हणजे सरासरी किती सरकली आहे तेही धरणारा आकडा, १.०० एवढाच उरतो. ग्राहक सहसा किमान १.३३ सीपीके मागतात. येथे मशीन पुरेसे चांगले आहे, सेटिंग तेवढे सरकलेले आहे, त्यामुळे सरासरी २५.००० वर आणली की सीपीकेही १.६७ होतो.

सीपीच कमी असेल, तर ऑफसेटने काहीही साधत नाही. तेव्हा चकची पकड, टूलची बाहेर आलेली लांबी आणि स्पिंडलचे बेअरिंग या क्रमाने तपासावे, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर पंचवीस गट नव्याने घ्यावेत.