निवृत्तीनंतर आरोग्य विमा निवडताना

एजंटने प्रीमियम सांगितला की घरातली सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. तो आकडा जरा बाजूला ठेवा. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर घरचे तुम्हाला कुठे नेतील? सांगलीत बहुतेकांचं उत्तर मिरजेतलं एखादं हॉस्पिटल असतं. त्या हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर स्वतः जा आणि विचारा, या कंपनीचं कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरण्याची सोय, सध्या चालू आहे का? कंपनीच्या हॉस्पिटलांच्या छापील यादीवर विसंबू नका.

मग पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा शोधा. माझ्या मते सगळ्यात जास्त फटका इथेच बसतो. समजा विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीभाडं रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपयांपर्यंत मंजूर आहे. तुम्ही ६,००० ची खोली घेतलीत, तर फक्त भाड्यातला फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च हेही बहुधा त्याच प्रमाणात निम्मे मंजूर होतात. म्हणून शक्यतो ही मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, प्रीमियम थोडा जास्त पडला तरी. को-पे, म्हणजे बिलातला तुम्ही भरायचा वाटा, २० टक्के असेल तर एक लाखाच्या मंजूर बिलात २० हजार तुमचे, हेही आधीच धरून चाला. मोतीबिंदूसाठी वेगळी मर्यादा आहे का, तेवढं बघून घ्या.

अर्जात बीपी, शुगर, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं लिहा. 'लिहू नका, प्रीमियम वाढेल' असं सांगणाऱ्याकडून पॉलिसी घेऊच नका. लपवलेल्या आजारामुळे क्लेम नाकारला गेला, तर म्हातारपणी पुंजी मोडायची वेळ येते. एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजारांचा क्लेम न मिळण्याचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने केला आहे. म्हणून साठीला पोचलेल्यांनी उशीर करू नये. नोकरीतला ग्रुप विमा असेल तर तो वैयक्तिक पॉलिसीत बदलता येतो का, हे निवृत्तीच्या आधीच विचारा. तसा बदलला तर पूर्ण झालेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही.

सत्तरी पूर्ण झाली असेल तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढून घ्या. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही, आणि खाजगी विमा असला तरी चालतं.

पॉलिसी हातात आली की मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवून ती वाचा. पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.