नोकरी मिळेना म्हणून एम.ए.? अर्ज भरण्याआधी एवढं करा

बी.ए., बी.कॉम. होऊन वर्ष उलटलं, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चार ठिकाणी बायोडाटा देऊन झाला, फोन काही येत नाही. घरी आलेला पाहुणा विचारतो, "पुढं काय?" तेव्हा "एम.ए. करतोय" म्हटलं की सुटका होते. मी असाच प्रवेश घेतला होता आणि दोन वर्षांनी पुन्हा तिथंच उभा होतो. म्हणून कळकळीनं लिहितोय.

आधी जाहिराती वाचा. हव्या असलेल्या नोकरीच्या दहा जाहिराती काढा आणि पात्रतेची ओळ वहीत उतरवा. बँका, केपीएससी, एमपीएससी (कर्नाटक आणि महाराष्ट्राचे लोकसेवा आयोग) यांच्या बहुतेक परीक्षांना साधी पदवी पुरते. कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र पदव्युत्तर पदवीला 55 टक्के आणि वर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा लागते. सीमाभागातल्या मुलांनी इथं नीट लक्ष द्यावं: सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. कर्नाटकाच्या के-सेटवर कोल्हापुरात आणि महाराष्ट्राच्या सेटवर बेळगावात अर्ज करता येत नाही. नेट दोन्हीकडं चालते.

नकार का येतो ते शोधा. मुलाखत घेणाऱ्यालाच विचारा, संकोचू नका. आपल्याकडं अनेकदा अडतं ते कन्नडवर. कर्नाटक सरकारच्या नोकरीसाठी कन्नड यावंच लागतं, आणि खासगीतही गिऱ्हाईक कन्नड बोलणारं असतं. मराठी शाळेत शिकलेल्यानं सहा महिने रोज तासभर कन्नड वाचायला-लिहायला शिकावं. त्यानं मराठीवरची माया तसूभरही कमी होत नाही. माझ्या मते पुष्कळांना एम.ए.पेक्षा याचाच उपयोग जास्त होईल.

मग हिशेब मांडा. महिना 12,000 ची नोकरी सोडून दोन वर्षं शिकलात तर 2,88,000 रुपये बुडाले. फी, खोलीभाडं वेगळं. कर्नाटक सरकारच्या युवानिधी या बेकारभत्त्याचे महिना 3,000 मिळत असतील तर पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेताच ते बंद होतात. इंजिनिअरांचं गणित वेगळं: गेट पास होऊन एम.टेक.ला गेलात तर मान्यताप्राप्त संस्थेत महिना 12,400 विद्यावेतन मिळतं.

विद्यापीठ निवडताना नुसतं अंतर बघू नका. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, खानापूरकराला बेळगाव. राणी चन्नम्मा विद्यापीठ तर बेळगावातच. पण शिकवण्याची भाषा कोणती आणि पुढं नोकरी कुठल्या राज्यात शोधणार, हे आधी ठरवा. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांपैकी एखाद्या गावचे असाल तर शिवाजी विद्यापीठात सीमाभागासाठी काय सवलत आहे तेही विचारून घ्या.

शेवटी, त्याच विभागातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तिघांना गाठा. आज ते काय करतात, पगार किती, पदवी कामी आली का, हे विचारा. तिघांचीही उत्तरं गुळमुळीत आली तर यंदा अर्ज भरू नका, एक वर्षाची अप्रेंटिसशिप बघा. आणि प्रवेश घेतलाच, तर पहिल्याच सत्रापासून नेटचा अभ्यास धरा. परीक्षा शेवटच्या वर्षात असतानाच देता येते.